मिनेट डी सिल्वा : जे.जे.तून काढून टाकलेली मुलगी

ओसरी (धागाकर्ती)

म्हात्र्यांवर काहीतरी शोधत होते. म्हात्रे म्हणजे आर्किटेक्ट गजानन बाबुराव म्हात्रे. ओव्हल मैदानासमोरची आर्ट डेको घरं आठवा, गोलाईच्या बाल्कन्या आणि उभ्या-आडव्या पट्ट्यांची. त्यातलं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. २०१८ साली तो सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. तर या म्हात्र्यांच्या खाजगी वर्गात १९४० च्या आसपास सिलोनहून आलेली एक विशीतली मुलगी बसायची, असं एका ओळीत वाचलं. ती ओळ डोक्यातून जाईना. पुढचे तीन रविवार तिच्यातच गेले.

मिनेट डी सिल्वा. जन्म १ फेब्रुवारी १९१८, कँडी. वडील जॉर्ज डी सिल्वा वकील आणि राजकारणी, सिंहली बौद्ध. पुढे सिलोनचे आरोग्यमंत्री झाले. आई अॅग्नेस नेल, बर्गर म्हणजे डच-युरोपीय वंशाच्या समाजातली, ख्रिस्ती. हे लग्न त्या काळी दोन्हीकडच्यांना पचलं नव्हतं. अॅग्नेसबाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडत होत्या, १९२८ मध्ये ब्रिटिशांनी घटनासुधारणेसाठी नेमलेल्या डोनमोर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि १९३१ साली सिलोनमधल्या सगळ्या प्रौढ स्त्रीपुरुषांना मत मिळालं. आपल्याकडे त्याला अजून वीस वर्षं होती. अशा घरात वाढलेली मुलगी आर्किटेक्ट व्हायचं म्हणाली, तरी वडिलांना पटवावं लागलंच.

सिलोनमध्ये शिकायची सोय नव्हती, म्हणून मुंबई. मिस्त्री आणि भेडवार यांच्या ऑफिसात ती उमेदवारी करायला लागली. तिथे भेटली पेरिन मिस्त्री, जे.जे.तून १९३६ साली पदविका घेतलेली, भारतातली पहिली स्त्री आर्किटेक्ट. पेरिन आणि तिचा भाऊ मिनू यांच्यामुळे मिनेटला मुंबईतलं लेखक-कलावंतांचं वर्तुळ उघडलं. मुल्कराज आनंद तिथलेच. मग म्हात्र्यांचे वर्ग, मग जे.जे.

आणि मग १९४२. गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडलं. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात मिनेट गेली, वर्ग बुडाला. वर्ग बुडवल्याबद्दल माफीचं पत्र दे, असं सांगण्यात आलं. तिने दिलं नाही. नाव काढून टाकलं. देश तिचा नव्हता, चळवळ तिची नव्हती, चार ओळी खरडल्या असत्या तर पदविका हातात होती.

तिथून बंगळूर, ऑटो कोनिग्सबर्गर या जर्मन निर्वासित आर्किटेक्टच्या हाताखाली. जमशेदपूरसाठी कारखान्यात तयार करून जागेवर जोडायच्या घरांचं काम चाललं होतं, ते. १९४५ ला लंडन, आर्किटेक्चरल असोसिएशनची शाळा. १९४७ मध्ये ब्रिजवॉटरला आधुनिक वास्तुरचनाकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे ती भारत-सिलोनची प्रतिनिधी. वय २९. फोटोत कोट घातलेल्या पुरुषांच्या गर्दीत एक साडी. १९४८ ला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सची असोसिएट झाली, आशियातली पहिली बाई.

१९४९ ला परत कँडी. आईवडिलांच्या घरातच ऑफिस थाटलं. पहिलं काम घरच्यांच्या ओळखीतल्या करुणारत्ने कुटुंबाचं. त्या घरावर सविस्तर लिहायचंय, पण हात दुखले. उद्या.

निवांत_मी

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेरिन मिस्त्रींचं नावही आज पहिल्यांदा ऐकलं, हे कबूल करतो. आणि मी आयुष्यभर मुंबईत.

तुळई

ओसरीताई, उत्तम धागा. मी आर्किटेक्ट आहे, आता साइटवर जाणं कमी झालंय. कॉलेजात पाच वर्षांत मिनेटचं नाव एकदाही आलं नाही. श्रीलंकेचेच जगप्रसिद्ध आर्किटेक्ट जेफ्री बावा, त्यांची मात्र अख्खी असाइनमेंट होती, अंगण, ओटा, पाऊस, तळं. आम्ही सगळ्यांनी बावांचीच अंगणं काढली.

कौलारू

छान माहिती. एक शंका. तिला एकेरी का? बाई ऐंशी वर्षं जगल्या.

ओसरी

कॉर्बुझिएला (चंडीगड आखणारा स्विस-फ्रेंच आर्किटेक्ट) आपण सगळे 'तो' म्हणतो म्हणून मिनेटला 'ती'. :) पण तुम्ही 'त्या' म्हणा, मला चालेल.

तर करुणारत्ने घर. काम १९४९ ते ५१. कँडी म्हणजे सगळा डोंगरउतार, सपाट जागा शोधूनही सापडत नाही. तेव्हाची रीत अशी की डोंगर कापायचा, सपाटी करायची आणि वर इंग्रजी पद्धतीचा बंगला ठेवायचा. तिने उतार तसाच ठेवला आणि घराचीच पातळी दोन जागी मोडली. आत मोठी बसायची जागा, बाहेरच्या हिरवळीत उघडणारी. आरसीसी, काच, मोकळा आराखडा, हे लंडनहून आलेलं. पण दारांच्या चौकटीत काय बसवलं? दुंबरच्या चटया.

यावर थोडं थांबते, कारण मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. कँडीजवळ दुंबर नावाचं खोरं आहे. तिथे ठरावीक घरांत पिढीजात चटया विणतात, घायपातासारख्या पानांचा धागा काढून. पानाचं मांस खरवडून टाकायचं, उरलेला धागा धुवायचा, रंगवायचा, मग जमिनीलगतच्या हातमागावर विणायचा. लाल, काळा, पिवळसर. नक्षीत हत्ती, हरणं, पक्षी, भौमितिक पट्टे. समाजाच्या उतरंडीत हे विणकर अगदी खाली. त्यांची चटई म्हणजे अंथरायची आणि गुंडाळून ठेवायची वस्तू. मिनेटने ती दाराच्या फळीच्या जागी ताणून बसवली. नव्या, आधुनिक म्हणवणाऱ्या घरात. शिवाय भाजलेल्या मातीच्या फरशा पारंपरिक नक्षीचे ठसे उठवून करवून घेतल्या. भिंतीवर सिलोनी चित्रकार जॉर्ज कीटचं चित्र. जिन्यांच्या कठड्यांना लाखकाम.

जिथे सुतारकाम शोभेल अशा जागी चटई, हा नुसता सजावटीचा विचार नाही. सिलोनमध्ये तेव्हा सिमेंट, काच, लोखंड बाहेरून येत होतं. विणकराला मात्र काम नव्हतं. तिचं म्हणणं असं की घराच्या बांधकामातच या लोकांना जागा दिली तर कारागिरी टिकेल. संग्रहालयात ठेवून टिकणार नाही. तिने याला 'आधुनिक प्रादेशिक वास्तुरचना' म्हटलं, 'मार्ग'मध्ये लिहिलं. ('मार्ग' त्रैमासिक १९४६ साली मुंबईत सुरू झालं, मुल्कराज आनंद संपादक, आणि उभं करणाऱ्यांत मिनेट आणि तिची बहीण अनिल दोघी.) पाश्चात्त्य टीकाकारांनी 'क्रिटिकल रिजनॅलिझम' ही संज्ञा रूढ केली ती १९८० नंतर. म्हणजे तीस वर्षांनी.

वेलदोडा

लाखकाम म्हटल्यावर राहवलं नाही. आमची सावंतवाडी! चितारी मंडळी लाकूड फिरतं ठेवून त्यावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. वर केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. आमच्याकडे पाट, पोळपाट, खेळणी, गंजिफा, एवढ्यावरच थांबलं. जिन्याचा कठडा कुणाला सुचला नाही हो. सुचला असता तर चार घरं आणखी जगली असती.

तुळई

वेलदोडा, सुचलं तरी करवून घेणं सोपं नाही. कठड्याला दर सहा इंचाला एक खांब धरला तर एका जिन्याला तीस-चाळीस नग. सगळ्यांची जाडी सारखी हवी, ड्रॉइंगप्रमाणे हवी, ठरल्या तारखेला हवी. पोळपाट दोन दिवस उशिरा आला तर कुणाचं अडत नाही. साइटवर अडतं. या बाईने १९५० साली हे जमवलं, तेही कँडीत, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

आणि एक. माझी पहिली साइट, स्लॅब भरायचा दिवस. मी सकाळी सहापासून सेंटरिंगवर (स्लॅबच्या साच्यावर), सळया मोजतेय. दोन सळयांमधलं अंतर सहा इंचाऐवजी आठ इंच भरलं. काम थांबवायला सांगितलं. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "ठीक आहे मॅडम, साहेब आले की विचारतो." साहेब म्हणजे कोण? साहेब नव्हतेच. ऑफिस माझं, सही माझी. तासभर मिक्सर चालू, माणसं उभी, आणि मी साहेबांची वाट बघणाऱ्या माणसाला समजावतेय की साहेब इथेच उभे आहेत. सळया बदलून घेतल्या. पण घरी जाऊन रडले होते, आता हसू येतं.

ही गोष्ट अगदी अलीकडची. १९४९ चं काय असेल.

ओसरी

तुळई, __/\__

मिनेटने आत्मचरित्रात तेच लिहिलंय, ठेकेदार, सरकारी खाती, पैसेवाले यजमान, सगळ्यांचा विश्वास एकेक करून कमवावा लागला. त्यात तिचं ऑफिस स्वतंत्र. कुणा पुरुषाची भागीदारी नाही, नवरा आर्किटेक्ट नाही, वडिलांची फर्म नाही. त्या काळातल्या इतर बऱ्याच जणींना यातलं एकतरी होतं. पेरिन वडिलांच्या फर्ममध्ये आली. आपल्याकडच्या युली चौधरींनी चंडीगडला मोठं काम केलं, पण सरकारी प्रकल्पात आणि कॉर्बुझिएच्या चमूत. कमी लेखत नाहीये, फरक सांगतेय.

कापूरगंध

कॉर्बुझिए आलाच आहे तर विचारून टाकते. त्या दोघांचं काही होतं म्हणे?

ओसरी

पत्रव्यवहार होता, १९४७ पासून तो जाईपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत. पत्रं जिव्हाळ्याची आहेत. पलीकडचं मला माहीत करून घ्यायची हौस नाही. गंमत बघा, तिच्यावरच्या चार लेखांपैकी तीन कॉर्बुझिएने सुरू होतात. मी म्हात्र्यांपासून सुरू केलं ते काही अगदी नकळत नाही.

कामापुरतं सांगायचं तर तिने त्याच्याकडून घेतलं आणि वाकवलंही. घर खांबांवर उचलून खालची जमीन मोकळी सोडायची, ही त्याची लाडकी कल्पना. कोलंबोतल्या पीरिस घरात (१९५२ ते ५६) मिनेटनेही घर खांबांवर उचललं. पण खाली जे मोकळं झालं त्याला तिने 'मिदुल' जोडलं. मिदुल म्हणजे सिंहली घराचा आतला चौक. म्हणजे खालची जागा नुसती गाडी लावायला उरली नाही, ती घराची ओसरीच झाली (माझ्या आयडीचा संबंध नाही). दमट हवेत वारा खालून फिरतो, पाऊस आला तरी माणसं बाहेरच बसलेली.

निवांत_मी

आमच्या सोसायटीतही 'स्टिल्ट' आहे. खाली ४२ गाड्या आणि एक कॅरम बोर्ड.

कौलारू

आता थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

बावांना जे मिळालं ते बाई असती तर मिळालं नसतं, हे मान्य. पण मिनेट विस्मरणात गेल्या ते फक्त बाई म्हणून, असा धाग्याचा सूर दिसतो, तो मला अर्धाच पटतो. एक, त्यांच्या नावावर इमारती किती? मोजक्याच, आणि त्यात घरं जास्त. खाजगी घर विकलं जातं, पाडलं जातं, भिंती सरकवल्या जातात. बावांकडे हॉटेलं आली, बेंतोटाचं हॉटेल साठच्या दशकाअखेरीस, आणि मग थेट कोलंबोजवळच्या कोट्टेची संसद, १९८२. जे हजारो लोक बघतात ते लक्षात राहतं. दोन, त्या कँडीत बसल्या, पैसा आणि सत्ता कोलंबोत. तीन, साठ-सत्तरच्या दशकात त्या बराच काळ देशाबाहेर होत्या. ज्या वर्षांत लंकेत पर्यटन वाढलं, नेमक्या त्याच वर्षांत त्या तिथे नव्हत्या. चार, ऑफिस एकटीचं. बावांकडे भागीदार होते, हाताखाली तयार झालेली मुलं होती, ती पुढे नाव घेत राहिली.

ओसरी

राग कसला, मुद्दे बरोबर आहेत. चौथ्यात फक्त एक जोडते. उलरिक प्लेसनर नावाचा तरुण डॅनिश आर्किटेक्ट १९५८ साली लंकेत आला. कुणाच्या बोलावण्यावरून? मिनेटच्या. थोडे दिवस तिच्याकडे कँडीत काम केलं आणि मग बावांकडे गेला. बावांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांत त्याचा मोठा हात. बावा स्वतः आधी वकील, आर्किटेक्ट म्हणून पात्र झाले १९५७ मध्ये. तोवर मिनेटचं करुणारत्ने घर सहा वर्षं जुनं झालं होतं, पीरिस घरही उभं होतं.

बावांनी उचलेगिरी केली असं मी म्हणत नाहीये. बावा मोठेच. चौक काही कुणाच्या मालकीचा नसतो. पण 'लंकेतल्या आधुनिक वास्तुकलेचे जनक' असं लिहिताना त्या घराकडे एकदा बघायला हवं होतं.

दुसरं, बाहेर का गेली? साठच्या दशकाच्या सुरुवातीला आई गेली. त्यानंतर ती खचली, कामं कमी झाली, भटकत राहिली. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये होती, तिथे वास्तुकलेच्या इतिहासाच्या एका प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथासाठी दक्षिण आशियाचा भाग लिहिला, मग १९७५ ते ७९ हाँगकाँग विद्यापीठात आशियाई वास्तुकलेचा इतिहास शिकवला. यात 'नव्हत्या' आणि 'कामच मिळत नव्हतं' यांचं प्रमाण किती, ते कोण ठरवणार.

तुळई

कौलारूंचा पहिला मुद्दा, "मोजक्याच इमारती". वाटापुलुवा मोजलीत का?

ओसरीताई लिहितील म्हणून थांबले होते, पण मीच लिहिते, कारण मला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका कामाचा ताजा अनुभव आहे आणि त्या पार्श्वभूमीवर वाटापुलुवा वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे.

१९५८ च्या सुमाराची गोष्ट. कँडीजवळ सरकारी नोकरांसाठी साधारण अडीचशे घरांची वसाहत. सिंहली, तमिळ, मुस्लिम, बर्गर, सगळे एकत्र राहणार. आपल्याकडे (आणि तिकडेही) पद्धत काय? एक टाइप प्लॅन काढायचा आणि अडीचशे वेळा छापायचा. मिनेटने आधी कुटुंबांना प्रश्नावली दिली. घरात किती जण, कामाच्या पद्धती काय, पैसे किती घालता येतील, घराकडून हवं काय. उत्तरं वाचली, भेटी घेतल्या, मग वेगवेगळे नमुने तयार केले आणि लोकांना त्यातून निवडू दिलं. रस्ते डोंगराच्या कलाने. काहींनी बांधकामातही स्वतः भाग घेतला.

आता मी ज्या कामात होते तिथलं सांगते (कुठलं ते नाही सांगत). आमच्याकडेही 'लोकसहभाग' होता. हॉलमध्ये खुर्च्या, प्रोजेक्टर, चहा, सह्यांचा कागद. प्लॅन आधीच मंजूर. एक आजी उठून म्हणाल्या, "मोरी दाराच्या तोंडाशी आली, ती तेवढी आत घ्या." मोरी आत घ्यायची तर ड्रेनेजची शाफ्ट हलते, शाफ्ट हलली की सोळा मजले हलतात. आजींची सही मात्र फाइलमध्ये आहे. सहभाग झाला.

प्रश्न आधी विचारला असता तर मोरी फुकटात आत गेली असती. कागदावर पेन्सिलच तर होती. १९५८ ला एकट्या बाईच्या ऑफिसने अडीचशे कुटुंबांना विचारलं, आणि आमच्याकडे सॉफ्टवेअर असून वेळ नव्हता.

कौलारू

वाटापुलुवा मोजली नव्हती. चूक मान्य. मुद्दा एक मागे घेतो, दोन आणि तीन ठेवतो. :)

वेलदोडा

तुळई, त्या आजींच्या मोरीचं पुढे काय झालं?

तुळई

दाराच्या तोंडाशीच आहे. आजींनी पडदा लावलाय.

कापूरगंध

शेवट कसा झाला मिनेटबाईंचा? वाईट असणार, धाग्याच्या सुरावरून वाटतंय.

ओसरी

वाईट म्हणजे, हो. १९७९ ला परत आली. कँडीत दंतमंदिराजवळ (बुद्धांचा दात जपलेलं मंदिर) कला केंद्राचं काम मिळालं, १९८२ ते ८४. पुढे ऑफिस पुन्हा नीट उभं राहिलं नाही. पैसे नव्हते. १९९६ मध्ये श्रीलंका इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने सुवर्णपदक दिलं, तेव्हा ती ७८ वर्षांची. २४ नोव्हेंबर १९९८ ला कँडीतच गेली. ज्या घरात ऑफिस थाटलं होतं ते नंतर मोडकळीला आलं. आत्मचरित्र १९९८ मध्येच आलं. ते सरळ गोष्टीसारखं नाहीच, कात्रणं, पत्रं, फोटो, नकाशे, मधूनमधून मजकूर. एखाद्या बाईने ट्रंक उघडून समोर ओतावी तसं. आधी मला वैताग आला होता. मग वाटलं, हिला माहीत असणार की पुरावा मागतील.

निवांत_मी

हे शेवटचं वाक्य लागलं.

खिडकीपाशी

वाचनमात्र होते, आज लिहिते. दंतमंदिराजवळचं कला केंद्र म्हणजे तळ्याकाठी जिथे संध्याकाळी कँडियन नृत्याचा कार्यक्रम असतो तेच का?

ओसरी

हो, तेच.

खिडकीपाशी

अहो, मी तिथे दीड तास बसलेय! सहलीबरोबर गेलो होतो. ढोल, चांदीचे शिरपेच, शेवटी निखाऱ्यांवरून चालणं. इमारत कुणाची हे विचारायचं सुचलंच नाही, गाइडनेही सांगितलं नाही. त्याने बावांच्या हॉटेलात मात्र 'इथे फोटो काढा' म्हणून बस थांबवली होती.

आत्ता फोन उघडून सगळे फोटो पाहिले. सदतीस फोटो, सगळे नर्तकांचे. एकात मात्र आमच्या ह्यांनी फोन तिरका धरलाय आणि नर्तक अर्धाच आलाय. मागे लाकडी खांब आणि कौलांची उतरती कड दिसते. तो हलवलेला म्हणून डिलीट करणार होते. थोडा उजळून इथे टाकते, तुळईताई, त्यात काय दिसतं ते सांगा.

तुळई

टाका. मोठा टाका, कापू नका.